दोन्ही वाड्यांना विकलेल्या गोफणी

माझं टाळकं तापट आणि जीभ त्याहून तापट. धंदा चालला तो त्या जिभेवरच.

आमचं घर विट्याकडचं, दोर वळणारं. कासरे, दावी, आणि शाळू हुरड्यात आला की पाखरं राखायला गोफणी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. गोफणी घेऊन साताऱ्याच्या पेठेतली दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "नायलॉनच्या जमान्यात तुझा अंबाडीच्या वाखाचा दोर कोण घेतंय रं?" त्याच्या गल्ल्यावर गोफण आपटून बाहेर पडलो. पाटी रंगवायला दमडी नव्हती. म्हटलं, मरू दे, आपलं तोंड हीच पाटी.

माझी थोरली बहीण, आक्का, ओढ्यापलीकडच्या वाडीत दिलेली. ओढ्याच्या अलीकडं दुसरी वाडी. दोन्हींत बांधाच्या पाण्यावरून हाडवैर. पलीकडचे पाणी अडवायचे, अलीकडचे बांध फोडायचे, मग एकमेकांची डोकी फुटायची. मला त्यात गिऱ्हाईक दिसलं.

अलीकडच्या वाडीत पारासमोर बाभळीला मडकं टांगायचं आणि पन्नास पावलांवरून एका गोट्यात उडवायचं. माणसं जमली की म्हणायचं, "पलीकडच्यांनी काल वीस नेल्या. तुमी बसा बांगड्या भरून!" लगेच हात पुढं यायचे. मग ओढा ओलांडून पलीकडं जायचं, दुसरं मडकं फोडायचं आणि तेच उलटं सांगायचं. वर प्रत्येक गोफणीमागं नदीतले पाच गुळगुळीत गोटे फुकट. काय डोकं चालवलं होतं म्हणून सांगू! स्वतःवरच खूश होतो मी.

आक्काला कळलं तशी ती चुलीपुढनं उठून आली. "आरं मुडद्या, ह्या पाखरांसाठी इकतोस का मानसांसाठी? माजा नवरा असतोय त्या बांधावर. त्येला लागलं तर?"

"आक्के, कोन मारतंय व्हय? नुसत्या खुंटीला टांगून ठेवत्यात, भ्या दाखवायला."

"लागू दे तर खरं, पायतानानं हानीन तुला." आणि भाकरी वाढली. मी हसत खाल्ली.

आठ दिवसांनी मी आक्काच्याच घरी होतो. सकाळी बांधाकडनं आरडाओरडा ऐकू आला. आक्का नवऱ्याला ओढून आणायला धावली, मी तिच्या मागं. बघतो तर ओढ्याच्या दोन्ही काठांवर गोफणी गरगरत होत्या. माझ्याच. एकाच्या जबड्यावर गोटा बसला आणि तो दात थुंकत खाली बसला. एक म्हातारा गुडघा धरून गडाबडा लोळत होता. माणसं खाली पडलेला गोटा उचलत होती, त्यावरचं रक्त न पुसता परत गोफणीत घालत होती. मी ओरडलो, "आक्के, वाक!"

ती वाकली नाही. डाव्या डोळ्यावर गोटा बसला. दोन्ही हातांनी तोंड धरून ती मटकन बसली आणि बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं. मग मी पिसाळलो. कुणाच्या तरी हातातली गोफण हिसकावली आणि समोर दिसेल त्याला मारत सुटलो. एकाचं नाक फुटलेलं मी डोळ्यांनी बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? दाजींनी मला मागनं मिठी मारून आडवा पाडला, तेव्हा थांबलो.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. दोन्ही वाड्यांच्या जखमींनी खाटा भरल्या होत्या, म्हणून आक्काला व्हरांड्यात निजवली होती. मी उशाशी बसून रडत होतो. तेवढ्यात अलीकडच्या वाडीतला एक गडी, हात गळ्यात बांधलेला, मला बघून थांबला. आक्का माझी कोण, हे त्याला ठाऊक नसावं.

"गड्या, लय बेस चालल्या तुज्या गोफणी," तो म्हणाला. "आनखी तीस पायजेत. चार दिसांत जमंल?"

"व्हय, जमंल की," मी म्हणालो.

देवाशपथ, विचार करून नाही बोललो. गिऱ्हाइकानं मागितलं आणि तोंडातून निघून गेलं. तो मान हलवून पुढं गेला. मी वळलो तर आक्का उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"एकतीस वळ," ती म्हणाली. "एक मला. ह्या एका डोळ्यानं बी तुज्यावर नेम धरता ईल."

मी तिचे पाय धरायला गेलो. तिनं पाय आखडून घेतले.