सेव घातल्याशिवाय

सेवेशिवाय, म्हणजे आपल्याकडच्या शेवेशिवाय, खाल्लेला घास अंगी लागत नाही असे मानणारी माणसे इंदुरात पुष्कळ आहेत. पण हाच नियम संगणकालाही लावणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. मध्य प्रदेशाचे अजून दोन तुकडे व्हायचे होते, तेव्हा कंपनीने मला सांगलीहून संगणकाच्या क्लासला इंदुरास धाडले. मल्हारगंजातल्या एका दुकानाच्या माडीवर हा क्लास भरे. चपला जिन्यात काढायच्या आणि एका संगणकापुढे दोघांनी बसायचे. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ सरकारी कचेरीतले, पन्नाशीचे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. त्यामुळे की काय, माऊस ते लगामासारखा धरत आणि पडद्यावरचा बाण भलतीकडे गेला की तोंडाने च् च् करीत.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी बजावले, "कुछ भी करो, पहले सेव करो." बाई बोलत होत्या ते केलेले काम जपून ठेवण्याबद्दल. यांनी शांतपणे पिशवीतून लसणीच्या सेवेची पुडी काढून माझ्यापुढे धरली आणि बाई चांगल्या घरच्या दिसतात, असा शेरा मारला. खरा अर्थ कळला तरी त्यांच्या आचरणात फरक पडला नाही. एक ओळ झाली की सेव, स्वल्पविराम दिला की सेव. प्रत्येक वेळी ते यंत्र घरघरत विचारात पडे आणि माझी पाळी येईपर्यंत तास संपे. मी कुरकुरलो की म्हणत, "भिया, पोह्यावर सेव एकदाच घालतो का आपण? ऊपर से लागतेच."

रविवारी मात्र ते मला माळवा दाखवीत. त्यांच्या लेखी ते सरकारी कामापेक्षा मोठे काम होते. पाताळपाणीला आम्ही गेलो तेव्हा धबधब्यात थेंब नव्हता. तर तो कुठून कसा पडतो हे त्यांनी हातवारे करून इतके दाखवले की मी नकळत मागे सरकलो. मांडूला प्रत्येक पडक्या भिंतीवर माझ्यासोबत चढले, पण रूपमतीच्या मंडपाखाली येताच दगडावर बसले. वरून नर्मदा दिसते, तुम्ही जाऊन या, म्हणाले. ते त्यांनी स्वतः पाहिलेच नव्हते. मंडळींना घेऊन पाहायचे होते, पण वहिनींचे गुडघे चढू देत नव्हते. उपचार इंदुरात चालू होते. क्लासच्या परीक्षेत नापास होईल त्याची बदली झाबुआला, असे कचेरीने कळवलेले. मग वहिनींचे कसे, एवढे एक बोलताना ते हसले नाहीत.

परीक्षेला प्रत्येकाने वेगळ्या संगणकावर एक लांबलचक पत्र टाइप करायचे होते. ते संपत आले आणि लाईट गेली. परत आली तेव्हा सगळ्यांचे पडदे कोरे, माझाही. यांचे पत्र मात्र शेवटच्या स्वल्पविरामासकट जागच्या जागी. मी नापास झालो. सांत्वन म्हणून त्यांनी मला सेवेची अख्खी पुडी दिली. वहिनींचे उपचार आता इथेच होतील, म्हणाले.

काही वर्षांनी इंदुरास गेलो तेव्हा वहिनी नव्हत्या. रविवार होता, म्हणून ते मला पुन्हा मांडूला घेऊन गेले आणि पुन्हा त्याच दगडावर बसले. आता तरी वर चला, असे मी दोनदा म्हणालो.

"नाही भिया," ते म्हणाले, "ते तिच्या नावाने सेव केलेलं आहे. मी एकटा कसा उघडू?"

मलाही वर जावेसे वाटेना. त्यांनी पुडी सोडली आणि आम्ही दोघे खालीच बसून सेव खात राहिलो.