उजवीकडे कललेली जीप

बाबा गेले तेव्हा जीप अंगणात उभी होती, उजवीकडे कललेली. वीस वर्षं एकाच बाजूला एवढा जाडजूड माणूस बसल्यावर पुढच्या स्प्रिंगचे पाटे दुसरं काय करणार? ते बसले की गाडी करकरत खाली जायची. त्या आवाजावर घरात माय ओळखायची की हे निघाले. मग ती डबा उचलायची, दाराला कडी लावायची न् बाहेर यायची.

तेरवी झाली, पाहुणे गेले, जीप तशीच. माय दारात यायची, तिकडे पाहायची न् आत जायची. एकदा म्हणाली, "अजूनई त्यातच बसले आहेत असं वाटते. सरळ कर ते. तोवर मी वावरात येत नाई."

सोनाळ्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी आमची संत्र्याची बाग आहे. वाटेत दोन नाले, तिथे साध्या गाडीचं काम नाही. माय एक दिवसाआड जायची, झाड न् झाड ओळखायची. आता महिना झाला, उंबरठ्याबाहेर पाय नाही, जेवणही नावालाच. तिला बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगा धीराचा. कसला धीर न् काय! आत काही हलतच नव्हतं.

जळगाव जामोदहून नवे पाटे आणले. शेजारचे काका, जन्मभर ट्रक चालवलेले, बाजेवर बसून हुकूम सोडायला हजर. जॅक लावला, गाडीखाली लाकडाचे ओंडके सरकवले, पुढची चाकं काढली. नट गंजून चिकटलेले. डिझेल ओतलं, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. एक नट एकदम सुटला न् मी ढुंगणावर आपटलो.

"पडला का? पड पड, जमीन आपलीच आहे," काका म्हणाले.

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

जुने पाटे जवळजवळ ठेवले. डाव्यात अजून बाक होता, उजवा पार सपाट झालेला. त्यावरून हात फिरवला, म्हटलं आता तरी काही होईल. हात काळे झाले, बाकी काही नाही.

नवे पाटे बसवले न् सगळे बोल्ट गच्च आवळले. काका ताडकन उठले. "काय करून राह्यला बे? टोकाचे बोल्ट हवेत आवळते का कोणी? गाडी खाली टेकू दे, तिचा भार पडू दे, मंग आवळ. नाई तर रबरी बुश फाटतीन!"

हे बाबांनी मला दहा वेळा सांगितलं होतं. महिनाभरात पहिल्यांदा राग आला, तोही स्वतःचा. पुन्हा सगळे ढिले केले, गाडी उतरवली, मग आवळले. जीप सरळ उभी राहिली. अगदी परक्याची वाटली.

सकाळी माय पातळ बदलून तयार झाली. मी जीपमध्ये जाऊन बसलो. ती काही येईना. भाजी गार होईल इतका वेळ थांबलो न् शेवटी हाक मारली, "माय, चाल ना!"

आतून आवाज आला, "बसला का तू?"

"केव्हाचा!"

"मले काई ऐकूच नाई आलं."

ती डबा घेऊन आली, कडी लावली, वाकून माझ्या बाजूच्या चाकाकडे पाहिलं. मग डाव्या सीटवर बसली.

"हाललीच नाई गाडी," ती म्हणाली. "किती वाळला रे. खात नाईस तू काई."

तिने तिथेच डबा उघडला, भाकर मोडली, वर भाजी ठेवली न् माझ्या हातात दिली. पहिला घास तोंडात घातला न् मला रडू आलं. किल्लीला लावलेला हात तसाच राहिला.

"मंग रडजो," माय म्हणाली. "आधी खाय."

उरलेली अर्धी भाकर ती स्वतः खाऊ लागली.