ताईच्या ताटातल्या कॅलरी

फालानिको आमच्या गावची बस चालवतो. सकाळी आपिया शहराला, दुपारी परत. उपोलू बेटाच्या या किनाऱ्यावर त्याच्याइतका मोठ्यानं हसणारा माणूस नाही आणि त्याच्याइतका रुंद ड्रायव्हरही नाही. पण यंदा दोनेक महिने तो अगदी गप्प गप्प असायचा. थांब्यावर बस उभी केली की मोबाइल काढायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि बोटांवर काहीतरी मोजत बसायचा. लोकांना वाटलं, लॉटरीच्या नादाला लागला.

खरी गोष्ट वेगळी होती. त्याची थोरली बहीण मातालेना हिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. रक्त शुद्ध करायला ती एक दिवसाआड भावाच्याच बसनं आपियाला जाते. फालानिकोनं गुपचूप तपासण्या करून घेतल्या आणि त्याची किडनी तिला जुळली. न्यूझीलंडचे डॉक्टर म्हणाले, घेऊ, पण पोरांच्या पांढऱ्या रविवारच्या सणापर्यंत वीस किलो उतरवा, नाहीतर तुमच्याच जिवाला धोका. हे मातालेनाला त्यानं सांगितलं नाही. ती नाही म्हणाली असती, आणि आमच्याकडे बहीण नाही म्हणाली की भावानं तिथंच थांबायचं असतं. त्यामुळे आधी वजन उतरवायचं, विमानाची तारीख घ्यायची आणि मग तिच्यापुढे मान खाली घालून बसायचं, असा त्याचा बेत होता.

दवाखान्यातली लुसिया नर्स त्याच्या मोबाइलमध्ये कॅलरीचा हिशेब लावून द्यायला बसली. "काका, दिवसभर मेहनत किती होते? मोबाइल विचारतोय."

"भरपूर," फालानिको म्हणाला. "त्या म्हाताऱ्या बसचं स्टीअरिंग तू एकदा फिरवून बघ, म्हणजे कळेल."

लुसिया गडबडीत होती. तिनं 'भरपूर' लिहिलं. मोबाइलनंही मग उदार मनानं दिवसाचा भलामोठा आकडा दिला. शिवाय फालानिको संध्याकाळी नदीपर्यंत चालायला लागला, चर्चच्या हॉलमध्ये बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष व्यायामाचा नाच नाचायला लागला. हे सगळं तो मोबाइलला इमानेइतबारे सांगायचा, आणि मोबाइल म्हणायचा, शाबास, आता आणखी एवढं खा. फालानिको येताना दुकानातून डुकराच्या मांसाचा पाव घ्यायचा.

"चालल्याचे तीनशे मिळाले," तो बायकोला सांगायचा.

"मिळाले?" पुआ कंबरेवर हात ठेवायची. "पगार आहे का तो? अहो, चाललेलं खाऊनच टाकायचं तर चालायचं कशाला? घरी बसा, चपला तरी वाचतील."

चाललं की खायला जास्त मिळतं, खाल्लं की चाललेलं वाया जातं, आणि नाही खाल्लं तर मोबाइल लाल अक्षरांत म्हणतो की फार कमी खाल्लं! रात्री उशाशी मोबाइल घेऊन तो हा गुंता सोडवायचा आणि सोडवता सोडवता त्याला भूक लागायची.

महिन्यानं काट्यावर उभा राहिला तर वजन अर्धा किलो वाढलेलं. लुसियानं कपाळाला हात लावला. "काका, बसमध्ये बसणं म्हणजे बसणंच. आणि मेहनत तुम्ही दोनदा धरलीत. एकदा 'भरपूर' सांगून, पुन्हा चालणं वेगळं लिहून. त्यात हा मोबाइल चालण्याचे जरा सढळ हातानंच देतो. आता आपण बैठं काम लिहू. रोज अठराशे कॅलरी. चाललात तर चांगलंच, पण त्याच्या बदल्यात खायचं नाही. अगदीच जीव कासावीस झाला तर निम्मं."

फालानिकोनं सगळं ऐकलं. पाव बंद केला. कोकोतली साखर बंद केली. गायनवृंदाच्या सरावानंतर पाद्रीबाईंनी पुढे केलेली भजी पोटदुखीचं खोटं कारण सांगून टाळली, त्याबद्दल देवाची माफीही मागितली. वजन थोडं उतरलं आणि अडकलं. किती दिवस झाले तरी काटा हलेना. बसमध्ये जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी म्हणालं अंगात पाणी धरलंय, कुणी म्हणालं स्नायू भरलेत, एका म्हातारीनं तर काटा बदलायला सांगितलं. पांढरा रविवार जवळ येत होता आणि फालानिकोला खरोखर रडू यायला लागलं होतं.

शेवटी लुसियानं मोबाइल स्वतःच्या हातात घेऊन एकेक दिवस पाहिला. "काका, रविवारी फक्त चहा आणि अर्धी पपई? उपास करता?"

"उपास कसला! रविवारी तर ताईकडून ताट येतं. उमूच्या तापल्या दगडांवर भाजलेला तारोचा कंद, नारळाच्या दुधातली तारोची पानं, डुकराचं मांस. आठवड्याच्या मधल्या वारी कोकोचा भात येतो, तो वेगळा."

"मग ते कुठंय यात?"

"ते ताईचं आहे."

"ते कळलं. पण लिहिलं का नाही?"

फालानिको तिच्याकडे असा बघायला लागला की जणू तिनं त्याला बहिणीकडून बसचं भाडं घ्यायला सांगितलं. "लुसिया, बहिणीनं पाठवलेलं कधी कुणी मोजतं का गं?"

लुसिया हसली नाही. ती याच गावची, तिलाही भाऊ होते. तिनं हलकेच सांगितलं, की त्या एका ताटात त्याच्या दोन दिवसांच्या कॅलरी जातात.

"मग नको म्हणू तिला?"

"ते मी कसं सांगू, काका?"

घरी पुआ म्हणाली, "निम्मं डुकराला घाला, कुणाला कळतंय?" तेव्हा फालानिको लग्नानंतर पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. मग तसाच उठून बहिणीच्या घरी गेला.

मातालेना चटईवर बसून नारळ खवत होती. त्यानं समोर बसून खाली मान घातली आणि सगळं सांगून टाकलं. किडनी, वीस किलो, मोबाइल, ताट.

तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "किडन्या गेल्यापासून तारो मला बंद. नारळ बंद, केळं बंद. पाणीसुद्धा मोजून. मी हे रांधते कशासाठी, ठाऊक आहे तुला? ताट पोचवून सून परत आली की तिला विचारते, काय म्हणाला, कसं झालं होतं, बोटं चाटली का. तेवढंच माझं जेवण, फालानिको. तेही तू बंद करायला आलास?"

"ताई, तू खावंस म्हणूनच—"

"मला नको तुझी किडनी. जा घरी."

तो घरी आला. त्या आठवड्यात कोकोचा भात आला नाही. बसमध्येही ती मागच्या बाकावर बसली, भावाकडे बघितलं नाही. काटा मात्र दोन किलोंनी खाली आला. लुसिया खूश झाली, पण फालानिकोला त्या काट्याचा रागच आला. वजन उतरतंय आणि ज्याच्यासाठी उतरवायचं तेच हातचं गेलंय, तर आता चालायचं कशाला, हे त्याला कळेना. सवयीनं तो चालत राहिला.

रविवारी चर्चहून आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. ताट येणार नाही हे ठाऊक असूनही रस्त्याकडे बघत होता. तर काठी टेकत टेकत मातालेना स्वतःच येताना दिसली. दुसऱ्या हातात झाकलेलं ताट होतं. तो धावत गेला. तिनं ते त्याच्या हातात दिलं नाही. चटईवर बसली, ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि वरचं पान काढलं.

आत तारोची एक फोड होती, तळहाताएवढा भाजलेला मासा, आणि बाकी नुसती उकडलेली पानं. नारळाचं दूध नव्हतं.

"लुसियाला विचारून केलंय," ती म्हणाली. "लिही त्या तुझ्या मोबाइलमध्ये. राहिलेले किलो उतरव आणि विमानाची तारीख काढ."

फालानिकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यानं घाईघाईनं मोठा घास तोंडात कोंबला, लगेच दुसरा उचलला.

मातालेनानं त्याचं मनगट धरलं.

"हळू खा," ती म्हणाली. "मलाही चव घेऊ दे."