दिघ्यांची सामुराई तलवार

सत्त्याण्णव साली शारजातल्या अकाउंटंट दिघ्यांनी तिथल्या रोल्ला बाजारातून शोभेची जपानी तलवार आणली. आयुष्यात शत्रू म्हणून फक्त ऑडिटर पाहिलेला हा माणूस येईल त्या पाहुण्याला मुठीवरची रेशमी वीण आणि मुठीपुढच्या गोल चकतीवरचा ड्रॅगन दाखवी. "ही चकती शत्रूचा वार अडवते, हबीबी! आमचं घराणंच लढवय्यांचं!"

खंडेनवमीला पूजा करून त्यांनी पाहुण्यांदेखत कोहळ्यावर वार केला. पातं वाकलं, चकती निखळून सोफ्याखाली घरंगळली आणि कोहळ्यावर ओरखडाही उठला नाही.

"बाबा, इट्स जस्ट टिन!" मुलगा म्हणाला.

बायकोने, मृणालिनीने, विळी घेऊन कोहळा चिरला.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर विळी होती. ड्रॅगनच्या चकतीच्या भोकात उदबत्ती खोचली होती आणि लढवय्यांचं घराणं विळीपुढे हात जोडून उभं होतं.