मुलगी फेअर, फक्त दोन दिवस

मॅट्रिकला मी एकट्या इंग्रजीत नापास झाले. बाकीचे सगळे विषय सुटले. दोष माझ्या शब्दार्थांच्या वहीचा होता. मास्तरांनी पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. एका शब्दाला एक ओळ, म्हणून एकच अर्थ. 'काइंड' म्हणजे प्रकार, 'रोझ' म्हणजे गुलाब. वही मला तोंडपाठ होती. त्यामुळे परीक्षेत 'गॉड इज काइंड'चं भाषांतर मी 'देव हा एक प्रकार आहे' असं बेधडक लिहून आले. 'द सन रोझ'पाशी मात्र बराच वेळ अडले आणि शेवटी हे सूर्यफुलासारखं एखादं फूल असणार असं ठरवलं.

तरीही आमच्या वाडीत इंग्रजी येणारी मीच. मसुऱ्यापासून दोन कोसांवर आमचं घर होतं. पुढे भातशेती, मागे काजूची झाडं. त्या वर्षी मला शिरोड्याचं एक स्थळ आलं. मुलगा मुंबईला गोदीत कारकून होता. त्याला वडील नव्हते, म्हणून बोलणी त्याचे मामा करत. ते मुंबईतच कुठल्याशा हापिसात टायपिंग करायचे. त्यांनी आम्हाला पत्र धाडलं तेही सवयीने टाइप केलेलं आणि इंग्रजीत.

आता वाचणार कोण? बाबांनी पत्र माझ्याच हातात दिलं.

"वाच गो बाय. लाजतस कित्याक?"

पत्र तीन ओळींचं होतं. 'वुई आर ऑल फाइन' हे पहिलं वाक्य मी गाळलं. वहीप्रमाणे 'फाइन' म्हणजे दंड, आणि आपण सगळे दंड आहोत असं कुठलं सभ्य माणूस कळवील? पुढे होतं, 'इज द गर्ल फेअर? इफ सो, वुई शॅल कम.' हे सोपं होतं.

"फेअर म्हंजे जत्रा," मी म्हटलं. "मुलगी जत्रेक आसा काय, असा इचारतत. आसली तर येतले."

आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस नुकताच ठरला होता. आईने तिथल्या तिथे हात जोडले. "देवीच्या पायापाशी चेडू बघूचा म्हणतत! माणसां बरी दिसतत हां."

बाबा म्हणाले, "लगेच उत्तर लिही. आणि जत्रा दोनच दिवस आसता, ता सांग. नायतर तिसऱ्या दिवशी येतीत आणि मोकळा माळ बघून परत जातीत."

मी बसून उत्तर तयार केलं. 'येस. द गर्ल इज फेअर टू डेज ओन्ली. प्लीज कम.' तीन वेळा वाचून पाहिलं. एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं. मॅट्रिकच्या परीक्षकाने हे पाहायला हवं होतं, असंसुद्धा मनात आलं.

जत्रेच्या दिवशी आईने मला हिरवं लुगडं नेसवलं आणि तोंडाला पावडर लावली. मी सावळी. त्यामुळे पावडर लावली की चुना लावलेल्या भिंतीसारखी दिसायची. देवीचं दर्शन झाल्यावर आम्ही वाटेवरच्या एका आंब्याखाली जाऊन उभे राहिलो. बाबा येणाऱ्या प्रत्येक कोटवाल्याकडे टक लावून बघत होते. एकाला तर त्यांनी हाताला धरून सावलीत आणलं, पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. तो माणूस बिचारा पाणी पिऊन म्हणाला, "माझी बांगड्यांची पेटी तकडे उघडी रवली हा, जाव मां?"

मी जत्रेतलं गुळाचं खाजं घेतलं होतं. पण पुडी उघडली रे उघडली की आई ती काढून घ्यायची. "आता येतीत. तोंड चिकट करू नको." दुसऱ्या दिवशीही तेच. घाम, धूळ, पुन्हा पावडर. संध्याकाळी दुकानं मोडायला लागली तशी आईनेच पुडी माझ्यापुढे केली आणि वाटेला लागली. परतताना बाबा फक्त एकदा म्हणाले, "शिरोड्याची माणसां खोटी."

आठवड्याने मी मागच्या पडवीत ओले काजू फोडत बसले होते. काजूच्या चिकाने बोटं काळी झाली होती, केस कसेतरी बांधले होते. एवढ्यात पुढच्या अंगणात कोट घातलेले एक गृहस्थ, त्यांची बायको आणि एक उंच तरुण येऊन उभे राहिले. मुलगा, मामा आणि मामी! आई मला लपवायला धावली, पण मामी तोवर घराला वळसा घालून मागे आल्या होत्या आणि माझ्या बोटांकडे बघत होत्या.

पुढे ओटीवर मामांनी माझं पत्र खिशातून काढलं. "एक खुलासा हवा होता," ते पुस्तकी मराठीत म्हणाले. "मुलगी दोनच दिवस गोरी असते, असं आपण कळवलंत. कुठले दोन दिवस?"

बाबा चाट पडले. "गोरी? गोरी कोण म्हणाला? जत्रा दोन दिवस, सायबानू! आमी दोन दिवस थंय उन्हात उभे!"

मला राहवेना. दाराआडून मी विचारलं, "फेअर म्हणजे जत्राच ना?"

"नाम असलं तर जत्रा," तो तरुण म्हणाला. "विशेषण असलं तर गोरी." एवढं बोलून त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. हातातला पाण्याचा तांब्या त्याने खाली ठेवला आणि कोपऱ्यात तोंड करून बसला.

माझे कान तापले. शब्द चुकला म्हणून नव्हे. त्या पत्रात माझ्याबद्दल काय विचारलं होतं ते मला आत्ता कळलं होतं. मी तशीच काळे हात घेऊन पुढे आले.

"त्या दिवशी कळलं असतं," मी मामांना म्हटलं, "तर एकच शब्द लिहिला असता. नो."

मामांनी चष्मा काढून पुसला. मामी मागून म्हणाल्या, "मी तुमका तेवाच सांगलंय, असले प्रश्न इचारू नकात." मग आईकडे वळून, "काजूची उसळ करतालास मां? आमी जेवन जाव."

जेवण झालं, ते गेले. आठ दिवसांनी पत्र आलं. या खेपेला मराठीत, मामींच्या गिचमिड अक्षरात: मुलाला मुलगी पसंत आहे, तुमच्या मुलीला मुलगा पसंत आहे का ते कळवा. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे बघितलं. असा प्रश्न आमच्या घरात कुणी मुलीला विचारला नव्हता. मी मान डोलावली.

वैशाखात लग्न झालं आणि आगबोटीने आम्ही मुंबईला गेलो. पहिल्याच महिन्यात यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड डिक्शनरी आणली. "पुन्हा परीक्षेला बस," म्हणाले. मी उघडली ती नेमकी 'सेट' या शब्दावर. ओळींवर ओळी, नाम, क्रियापद, विशेषण, अर्थ काही संपेनात. पान उलटलं तरी 'सेट' चालूच.

"एवढे सगळे पाठ करायचे?" मी विचारलं.

"मलाही येत नाहीत," हे म्हणाले. मग आम्ही दोघंही स्टोव्हपाशी बसलो आणि एकेक अर्थ मोठ्याने वाचत भात होईपर्यंत हसत राहिलो.