टपाखालची ऊब

मी लग्न होऊन मुरबाडला आले तेव्हा घरात सासू होती, नणंद सासरी गेलेली होती आणि सवत अंगणात उभी होती. सवत म्हणजे ह्यांची मोटार. एका लाकडाच्या ठेकेदाराने कंटाळून विकलेली ती जुनाट गाडी ह्यांनी घेतली होती, आणि तिच्या भाड्यावरच आमची चूल पेटत होती, म्हणून मला तोंड मिटून बसावं लागे. तिला पत्र्याचं छप्पर नव्हतं. वर कापडी टप होता, कमानींवर ताणून पुढच्या काचेला दोन्ही बाजूंनी बांधायचा. बाजूंना बटणांचे पडदे. उन्हाळ्यात टप मागे पाडून हे ऐटीत निघत. पावसाळ्यात मात्र तीच ऐट भिजलेल्या कोंबडीसारखी होऊन परत येई.

टप गळायचा, आणि कुठून गळतो ते कळायचं नाही. भर दुपारी गाडी उन्हात उभी करून, पडदे लावून आम्ही दोघं आत बसत असू आणि वर बघत असू. उजेडाचा ठिपका दिसला की मी आतून बोट लावायचं आणि ह्यांनी बाहेरून तिथे मेण चोळायचं. नवराबायकोने दिवसाउजेडी एकत्र बसावं असं ते एकच निमित्त, त्यावर सासूबाईही काही बोलत नसत. पण भोक एकीकडे आणि ठिबक भलतीकडे. पाणी कमानीच्या लाकडावरून गुपचूप सरकत जाई आणि बसलेल्याच्या मानेवर पडे. राळ तेलात कढवून लावली, ती घडीवर तडकली. जुन्या छत्रीचं कापड डकवलं, ते वाऱ्याने उचललं. शेवटी सासूबाईंनी भातलावणीला पाठीवर घेतात ती पानांची दोन इरली टपावर दोरीने आवळून बांधायला लावली. गाडी बाजारातून निघाली की लोक विचारत, "मोटार कोणाच्या शेतावर चालली?" ह्यांचं तोंड एवढंसं होई. मला हसू येई. पुढे मात्र त्या टपाचं हसू आलं नाही.

नणंदेला आटगावजवळच्या एका गावात दिलेलं होतं. तिची दोन मुलं जन्मताच गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस भरायच्या आधीच पोटात दुखू लागलं, शहापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण बजावून सांगितलं की याला ऊब द्या, ओलं लागू देऊ नका, छातीत गारठा शिरला तर हा वाचायचा नाही. नणंदेच्या सासरी शेकशेगडी करणारं बाईमाणूस नव्हतं. तेव्हा तिला आमच्याकडे आणायचं ठरलं.

हस्ताचे दिवस होते. सकाळी कडक ऊन आणि दुपारी आभाळ फाटल्यासारखं. हे म्हणाले, दोन दिवस थांबू. सासूबाई म्हणाल्या, "तिथं पोर गारठून गेलं म्हंजे थांबशील काय?" ह्यांनी गाडी काढली.

जाताना ऊन होतं. शहापूरहून निघालो आणि गाव मागे पडतं न पडतं तोच अंधारून आलं. पुढे हे आणि मी, मागे नणंद, तिच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं बाळ, आणि शेजारी सासूबाई. त्यांच्या पायांशी निखाऱ्यांची शेगडी होती. बाळंतीण आणि शेगडी एकमेकींना सोडून राहत नाहीत, मग ती घरात असो की मोटारीत. पडदे सगळे बटणं लावून बंद. पाऊस असा कोसळत होता की काचेतून रस्ता दिसेना. हे नाक काचेला लावून गाडी हाकत होते, आणि मी सारखी मागे वळून बाळाच्या टोपड्याकडे बघत होते. मला फार भीती वाटत होती. नणंदेने हाताचा पंजा बाळाच्या तोंडावर छत्रीसारखा धरला होता.

मग ठिबक सुरू झाली. नेमकी बाळाच्या डोक्यावर. नणंद इकडे सरकली, ठिबक तिच्या मागे आली. सासूबाईंनी वर बघून टपाला, ह्यांना आणि त्या ठेकेदाराला शिव्या घातल्या आणि पायांपाशी चाचपून एक पत्र्याचा डबा ओढला.

तो डबा कार्बाइडचा होता. गाडी एवढी जुनी की तिचे पुढचे दिवे विजेवर चालत नव्हते. कार्बाइडच्या करड्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडलं की वायू सुटतो, आणि तो वायू पेटवून दिवा जळतो. दिवे पुसायचं, भरायचं काम माझं होतं, म्हणून मला हे माहीत. सासूबाई दिव्यांकडे कधी फिरकल्याही नव्हत्या. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आत चुन्याच्या कळ्यांसारखं काहीतरी दिसलं, त्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना झाकण हवं होतं. ते त्यांनी बशीसारखं ठिबकेखाली धरलं. घरात गळतं तिथे आपण पातेलं ठेवतो, तसं.

झाकण भरलं. आता पाणी टाकायचं कुठे? पडदा उघडावा तर बाळाला वारा. त्यांनी ते पायांशी उघड्या पडलेल्या डब्यात ओतलं. परत धरलं, परत ओतलं. पावसाच्या आणि इंजिनाच्या आवाजात आम्हाला पुढे काही ऐकू आलं नाही. डबा हाताला गरम लागला तेव्हा त्यांना वाटलं, शेगडीची धग लागली. बरंच झालं म्हणून त्यांनी तो शेगडीला अगदी चिकटवून लेकीच्या पायांशी सरकवला. हे सगळं त्यांनीच आम्हाला मागाहून सांगितलं.

मला आधी आला तो लसणीचा वास. बाळंतिणीच्या शेगडीत ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी देतातच, तेव्हा मी गप्प बसले. वास वाढत गेला. डोकं जड झालं. शेवटी मी म्हटलं, "आई, धुरी पुरे आता. बाळाला ठसका लागेल."

"धुरी?" सासूबाई म्हणाल्या. "ओवा-लसूण तर घरीच ऱ्हायलं. मला वाटलं, तूच कायतरी बांधून आणलंस गो."

हा वास रोज संध्याकाळी दिवे भरताना माझ्या बोटांना येई. मी सीटवर गुडघे टेकून मागे वळले. उघडा डबा पांढऱ्या फेसाने खदखदत होता. त्याला लागून शेगडी. निखाऱ्यांवर राख जमली होती, आणि सासूबाई ती फुंकायला खाली वाकत होत्या.

"फुंकू नका!" मी ओरडले. सासूबाईंवर मी त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

ह्यांनी गाडी थांबवली, मागे बघितलं आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तिथे काय करावं ते मला आजही सुचत नाही. पडदा उघडावा तर वाऱ्याने निखारे फुलतील. न उघडावा तर वायू साठत जाईल. शेगडी उचलावी तर ठिणगी उडेल. नणंदेला धड उभं राहता येत नव्हतं, ती उतरणार कशी? हे एकच म्हणाले, "टप काढ."

इरल्यांच्या दोऱ्या आणि टपाचे पट्टे पाण्याने फुगून बसले होते. आम्ही दोन बाजूंना उतरलो. हे दातांनी गाठ सोडत होते, माझी नखं तुटत होती, आणि आतून सासूबाई पट्टा घट्ट धरून ओरडत होत्या, "टप नको काढू रे! पोर भिजंल! मारतोस काय त्याला?" त्या म्हाताऱ्या हातांत इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. माझी गाठ सुटली, मग ह्यांची सुटली. आम्ही दोघांनी मिळून टप मागे भिरकावला, आणि सगळा पाऊस बाळंतिणीवर आणि बाळावर कोसळला.

निखारे चर्रकन विझू लागले. ह्यांनी डबा उचलून रस्त्याकडेच्या चरात फेकला आणि त्याच्या मागोमाग शेगडीही. एखादा निखारा आतून जिवंत असावा. चरातल्या पाण्यावर भप्पकन जाळ उठला. वरून मुसळधार पाऊस, खाली वाहतं पाणी, आणि त्या पाण्यावर उभा पिवळा जाळ. तो पुरुषभर उंच होता आणि विझत नव्हता. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपले हात बघितले.

"मी त्यात पानी घातलं," त्या म्हणाल्या. "पोराच्या पायाशी ठेवलं मी त्ये."

बाळ हललं नव्हतं, रडलं नव्हतं. घोंगडी ओलीचिंब झाली होती. नणंद ती बाजूला करायला धजत नव्हती, म्हणून मी केली. बाळाने तोंड उघडलं, पाऊस तोंडात गेला, ठसका लागला, आणि मग ते रडलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं.

ह्यांनी घाईघाईने टप परत ओढायला घेतला. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रे. नको तो टप."

"अगं, बाळ भिजतंय!"

"भिजू दे," त्या म्हणाल्या. "जितं हाय ना? भिजू दे." आणि त्यांनी नातवाला लेकीच्या मांडीवरून उचलून लुगड्याच्या आत, उघड्या छातीशी घेतलं, आणि मुरबाड येईपर्यंत त्या पावसात तशाच बसल्या.