पाऊस भागिले तीन

पुंजाजी सखाराम अंभोरे गेल्या माघात वारले. सोनखुटीला त्यांच्या शोकसभेसाठी मी मेहकरहून एस.टी.ने गेलो होतो. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने सांगितले की पुंजाजी शांत होते, समाधानी होते, कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हते. मागच्या रांगेत बसून ऐकताना माझे कान तापले. बारा वर्षांपूर्वी या माणसाने मेहकरच्या आमच्या पाटबंधारे कचेरीत साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली होती. मेल्यावर त्याला शांत करून टाकणे ही लबाडी आहे. सभेत मी बोललो नाही. न बोलण्याची सवय मला जुनी आहे, आणि तिचे काय झाले तेही आता सांगायचे आहे.

सोनखुटी हे पैनगंगेच्या काठचे गाव. महाराष्ट्र राज्य झाले त्याच पावसाळ्यात तिथे नदीत एक मोजखांब उभा केला. सोळा फूट उंच, फूट आणि इंच रंगवलेले. रोज सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला पाणी किती फुटांवर आहे ते पाहायचे, वहीत लिहायचे, आणि आठवड्याचा कागद आमच्या कचेरीत पाठवायचा. पूर असला तर दर तासाला. या हंगामी कामावर पुंजाजींना घेतले. शिक्षण चौथी. अक्षर मोठे आणि जाड, प्रत्येक आकडा स्वतंत्र उभा.

त्यांचा स्वभाव तिखट होता. खांबाला कुणी म्हैस बांधली की गावभर भांडण. एकदा ते तापाने दोन दिवस पडून होते. त्या सहा वेळांचे रकाने त्यांनी कोरे पाठवले. अंदाजाने भरून द्या, असा निरोप मी पाठवला. उत्तर आले, नाई पाह्यलं ते कसं लिवू. तो कागद मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवला आणि आम्ही हसलो.

खांब सोळा फुटांवर संपतो, त्याच्या वर पाणी गेले तर काय, हा प्रश्न आमच्या कचेरीत कुणाला पडला नव्हता. पुंजाजींना पडला. एका उन्हाळ्यात गवंड्याची पाणसळ आणि दोरी आणून त्यांनी खांबाचे माप काठावरच्या महादेवाच्या पायऱ्यांवर नेले. कोणती पायरी किती फुटांवर, ते प्रत्येक पायरीच्या कडेला छिन्नीने कोरून ठेवले. पुजाऱ्याने हरकत घेतली. गावातल्या काहींना बौद्धवाड्यातल्या माणसाने महादेवाच्या पायऱ्यांना छिन्नी लावलेली खपली नाही. पुंजाजी म्हणाले, पूर आला की तुमीच इचारान मले, पानी कुठवर आलं म्हनून. आणि काम पुरे करूनच उठले.

आता माझ्याबद्दल. मी त्या कचेरीत कारकून, अकोल्याचा बी.कॉम. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होते. रोज सकाळी आठला कडूबा शिपाई बाटलीतले पाणी मोजग्लासात ओतून मोजायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो. सुट्टीच्या दिवशी कडूबा यायचा नाही. मग सोमवारी जे पाणी निघेल ते आम्ही साचलेल्या दिवसांत सारखे वाटून टाकायचो. ही पद्धत मला आयती मिळाली होती आणि मला ती आवडत असे. रकाना कोरा राहत नाही, बेरीज जुळते. वर्षाच्या खर्चाचे बारा सारखे हप्ते पाडायला मी शिकलो होतो. पावसालाही तोच न्याय लावण्यात काही चुकते आहे, असे मला एकदाही वाटले नाही.

१९६४ साली पंधरा ऑगस्ट शनिवारी आला. झेंडावंदनाला आम्ही सगळे कचेरीत होतो, पर्जन्यमापकापासून वीस पावलांवर. धुतलेल्या कपड्यांत कुणी वाकून पाहिले नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस लागला. सोमवारी कडूबाने झाकण काढले तेव्हा बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरले होते. अर्ध्या इंचाचा ग्लास चौदा वेळा भरला आणि वर थोडे उरले. सात पूर्णांक वीस इंच. मी तीनने भागले. शनिवार दोन पूर्णांक चाळीस, रविवार दोन पूर्णांक चाळीस, सोमवार दोन पूर्णांक चाळीस. बाकी शून्य. मला समाधान वाटल्याचेही आठवते.

नदीला रविवार नव्हता. पुंजाजी रविवारी पहाटेपासून काठावर होते. सकाळी आठला पाणी पंधरा फूट आठ इंच होते. त्यानंतर खांब बुडाला. ते पायऱ्यांवर सरकत वर गेले. साडेदहाला पाणी चढायचे थांबले तेव्हा ते एकवीस फूट तीन इंचांच्या खुणेवर होते. त्यांनी तसे लिहिले.

या आकड्यावर काय अवलंबून होते ते सांगतो. सोनखुटीच्या बौद्ध वस्तीसाठी अडतीस घरांची नवी वसाहत मंजूर झाली होती. जागा दोन होत्या. एक वरचा बरड, खडकाळ, पण उंचावर. तो गावच्या बड्या लोकांच्या शेतांना लागून होता आणि ती वस्ती शेजारी यावी हे त्यांना नको होते. दुसरी नदीकाठची सपाटी. खांबाच्या मापाने ती सपाटी अठरा फुटांवर होती. जास्तीत जास्त पूर पंधरा फूट आठ इंच असेल तर सपाटी सुरक्षित. एकवीस फूट तीन इंच असेल तर तिथे सव्वातीन फूट पाणी. निर्णय आमच्या साहेबांच्या अहवालावर होणार होता.

साहेब पुण्याकडचे. त्यांनी पुंजाजींना बोलावले आणि माझे रजिस्टर व त्यांची वही शेजारी शेजारी ठेवली. दिवसाला दोन-अडीच इंच पावसाने या नदीला इतके पाणी येणे शक्य नाही, हे त्यांनी कागदावर गणित करून दाखवले. ते गणित बरोबर होते. मग म्हणाले, "तुला तुझ्या वस्तीसाठी वरची जागा हवी आहे. म्हणून तू पाणी वाढवलंस."

"मी काऊन वाढवू? पानी माह्या घरचं हाय काय?"

साहेब हसले. पुंजाजींच्या बोलण्याला ते नेहमीच हसत.

पुंजाजींनी माझे रजिस्टर स्वतःकडे फिरवले आणि बोट ठेवले. "साहेब, हे पाहा. तीन दिवस चाळीस, चाळीस, चाळीस. असा मोजून पाऊस पडते काय हो कुठी? कोनं लिवलं हे?"

"ते बी.कॉम. आहेत," साहेब माझ्याकडे मान करून म्हणाले. "तू चौथी."

तेव्हा ती मूठ आपटली. दौत उडाली. कडूबाने त्यांचे खांदे धरले. पुंजाजी माझ्याकडे पाहत होते. मला फक्त इतके म्हणायचे होते की साहेब, हा भागाकार आहे, मोजणी नाही. सहा-सात शब्द. मी सांडलेली शाई पुसायला फडके शोधू लागलो.

त्याच आठवड्यात खोटी नोंद केल्याबद्दल त्यांना कामावरून काढले. एकवीस फूट तीन इंच लाल शाईने खोडले, वर पंधरा फूट आठ इंच लिहिले. अहवालाची स्वच्छ प्रत मी माझ्या हाताने काढली. माझे अक्षर सुबक आहे.

पंधरवड्याने बाजाराच्या दिवशी ते पत्नी तानाबाईंना घेऊन माझ्या घरी आले. माझी पत्नी कौशल्याबाईने चहा केला. तो त्यांनी घेतला नाही. नोकरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तो पाऊस मी तीन दिवसांत कसा वाटून टाकला, ते त्यांना लेखी हवे होते. मी समजावू लागलो की ही पद्धत जुनी आहे, सगळीकडे असेच करतात.

"सारेच करून राह्यले म्हनून बरोबर झालं काय, बाबूजी?" ते म्हणाले. "मले नौकरी नोको. मले माहा आकडा पायजे."

तानाबाई म्हणाल्या, "आमी त्या सपाटीवर लेकरं घेऊन निजू, अन् तुमी इथं चाळीस-चाळीस मांडत बसा."

कौशल्याबाई दारात उभी होती. तिने मला विचारले, "त्या रविवारी तर ऊन होते ना? मी सगळ्या गोधड्या वाळत घातल्या होत्या."

खरे होते. रविवार आणि सोमवार मेहकरात थेंब नव्हता. सातही इंच शनिवारच्या संध्याकाळी पडले होते. स्वच्छ उन्हाच्या दोन दिवसांवर मी पावणेपाच इंच पाऊस लिहिला होता, आणि ते गोधड्यांवरून कळायला माझी बायको लागली.

त्या दोघांसमोर मी कबूल केले. लेखी देतो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी टिपणही लिहिले. नीट, मुद्देसूद. आणि ते ड्रॉवरमध्ये दीड महिना ठेवले. बढतीच्या याद्या लागायच्या होत्या. याहून मोठे कारण नव्हते, म्हणून शोधून लिहीत नाही. मी टिपण दिले तेव्हा सपाटीवर पाया खोदून झाला होता. साहेबांनी वाचले, आता हे कशाला, असे म्हणाले आणि फाईलला लावले.

पुंजाजी घरोघर फिरले. घर घेऊ नका म्हणून सांगितले. एकोणीस कुटुंबांनी ऐकले. उरलेली एकोणीस राहायला गेली, आणि त्यांत त्यांचा सख्खा थोरला भाऊ भाऊराव होता. भाऊरावांनी भावाला चारचौघांत सुनावले की तुझ्या एका आकड्यापायी मी जन्मभर गळक्या छपरात राहू काय? सरकारनं मोजून जागा देल्ली हाय, सरकारपेक्षा तुले जास्त समजते काय बे? दोघांचे बोलणे बंद झाले. भाऊरावांना मी दोष देत नाही. ज्या कागदावर त्यांनी विश्वास ठेवला त्याची प्रत माझ्या अक्षरात होती.

१९६७ च्या भाद्रपदात पुन्हा पूर आला. सकाळी नऊची वेळ. पुंजाजींना कुणी नेमलेले नव्हते, तरी ते पायऱ्यांवर होते. पाणी सोळाच्या खुणेला लागताच ते सपाटीवर ओरडत धावले आणि एकोणीस घरे रिकामी करवली. दोन तासांनी त्यांतली सोळा बसली. माणसे बरडावर पोचली होती. भाऊराव दोन शेळ्या सोडायला परत फिरले आणि भिंत अंगावर आली. शेळ्या पोहून निघाल्या.

त्या पुरात मोजखांबही वाहून गेला. आठवडाभरात वरून पत्र आले, सर्वोच्च पातळी तात्काळ कळवा. कचेरीत आकडा नव्हता. तो जिल्ह्यात एकाच माणसाकडे होता. जुने साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मला जीप देऊन सोनखुटीला पाठवले.

पुंजाजी दारात बसले होते. मी कशाला आलो ते सांगितले. त्यांनी विचारले, रजिस्टर आणलं काय? नव्हते आणले. मग ते उठले, टोपी घातली आणि जीपमध्ये माझ्या शेजारी बसले.

कचेरीत नव्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती घेतली नाही. "आधी चौसष्टचं लिवा," ते म्हणाले. "मंग सदुसष्टचं सांगतो."

साहेब म्हणाले की जुनी नोंद बदलायला वरची परवानगी लागते, अर्ज करावा लागेल, वेळ लागेल. पुंजाजी दाराकडे वळले.

मी कपाटातून दोन्ही वह्या काढल्या. साहेबांनी मला नावाने हाक मारून थांबायला सांगितले. मी थांबलो नाही. माझे तिन्ही दोन पूर्णांक चाळीस खोडले आणि लिहिले, तीन दिवसांचे एकत्रित मोजमाप, सात पूर्णांक वीस, सर्व पाऊस शनिवारी संध्याकाळी. नदीच्या वहीतले पंधरा फूट आठ इंच खोडले, एकवीस फूट तीन इंच लिहिले, खाली सही केली. याबद्दल मला नंतर लेखी ठपका मिळाला. तीन वर्षांपूर्वी मिळायला हवा होता, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी.

पुंजाजींनी वही हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "आता लिवा. वीस फूट दहा इंच. सकाळी अकरा."

मी लिहिले. ते हलले नाहीत.

"भाऊराव कुठी लिवान?"

मी म्हणालो, या वहीत माणसांचा रकाना नाही.

"मंग शेऱ्यात लिवा."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, मयत एक, भाऊराव सखाराम अंभोरे, वय बावन्न. साहेब पाहत होते. पुंजाजी ओळ वाळेपर्यंत थांबले आणि निघाले. कामावर परत या, असे साहेबांनी त्यांना मागून म्हटले. ते मागे वळले नाहीत.

उरलेल्या लोकांना दोन वर्षांनी बरडावर जागा मिळाली. आकडे दोन्ही कायम राहिले. ते आज अहवालात छापले जातात आणि त्यांवरून पुलांच्या उंच्या ठरतात. शेऱ्यातली ओळ मात्र पुढच्या तपासणीत कुणीतरी लाल शाईने खोडली आणि कडेला लिहिले, पूरनोंदीत असंबद्ध मजकूर नसावा. मी ती खाली पुन्हा लिहिली. ती पुन्हा खोडली गेली. असे चार वेळा झाले आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. तोवर ती वही माझ्या ताब्यात आहे, आणि पानावर अजून तीन ओळींची जागा शिल्लक आहे.